स्वभावाची पारख : घरात, रानात आणि संस्थेत



लागणीच्या आधी आपण माती तपासून घेतो. कोणत्या रानात कोणते वाण लावावे हे शेतकी विभागाच्या माणसाला विचारतो. कोसी ६७१ लवकर पक्व होते, साखरेला चांगले, पण त्याला रानही तसेच चांगले लागते. फुले २६५ खारवट, चोपण जमिनीतसुद्धा तग धरते. को ८६०३२ बहुतेक ठिकाणी जमवून घेते. यातले चांगले कोणते आणि वाईट कोणते, असे कोणी विचारलेच तर जाणता शेतकरी उलट विचारतो, "रान कसं हाये? लागण कधीची?" वाणाच्या बाबतीत आपण एवढे शहाणे झालो आहोत.

माणसाच्या बाबतीत मात्र आपण माती न तपासताच निकाल देऊन मोकळे होतो. "तो ना? नुसता बोलघेवडा." "हा मुखदुर्बळ, याला कशाला बोलावता?" "धाकटा पहिल्यापासून बिनकामाचा." एका वाक्यात माणूस संपला! पुढे वीस वर्षे तोच शिक्का घेऊन तो गावात वावरतो, आणि त्याच्या अंगचा जो गुण घराला किंवा संस्थेला उपयोगी पडला असता तो तसाच पडून राहतो.

कोणी म्हणेल, साखर कारखान्याच्या पत्रिकेत स्वभावाचा पाठ कशाला? तर त्याचे उत्तर असे की, कारखाना यंत्रावर चालतो, पण संस्था माणसांवर चालते. गटातला तोडणीचा कार्यक्रम, उपसा सिंचनाची पाळी, सोसायटीची बैठक आणि घरातली वाटणी या चार ठिकाणी जे बिघडते, ते पुष्कळदा पैशाच्या आधी स्वभावात बिघडलेले असते. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे. तो नीट समजून घेतला तर खर्च काही नाही, फायदा मात्र पुष्कळ आहे.

जुने शहाणपण

'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण आपण येता-जाता वापरतो. त्यातला 'प्रकृती' हा शब्द आयुर्वेदातलाही आहे. वात, पित्त आणि कफ या तीन दोषांच्या कमी-जास्त प्रमाणावरून माणसाच्या शरीराचे आणि मनाचे वळण ओळखण्याची ती पद्धत. प्राचीन ग्रीक वैद्यांनीही शरीरातल्या चार रसांवरून माणसांचे चार स्वभाव सांगितले होते. म्हणजे माणसे वेगवेगळ्या घडणीची असतात आणि त्यांची काही प्रकारांत विभागणी करता येईल, हा विचार फार जुना आहे.

आपल्या नाशिकशी तर या विषयाचे जवळचे नाते आहे. शहराला लागून असलेल्या टाकळीला, नंदिनी आणि गोदावरी यांच्या संगमावर, समर्थ रामदासांनी बारा वर्षे साधना केली असे परंपरेने सांगतात. त्याच समर्थांनी पुढे दासबोधाच्या दुसऱ्या दशकात माणसांच्या स्वभावाचे मोठे बारकाईने वर्णन केले. पहिल्या समासात मूर्खाची लक्षणे, दुसऱ्यात उत्तम लक्षणे, पाचव्यापासून सातव्यापर्यंत रजोगुण, तमोगुण आणि सत्त्वगुण, आणि दहाव्या समासात पढतमूर्ख, म्हणजे शिकला-सवरला तरी मूर्खच राहिलेला माणूस. विद्या वेगळी आणि स्वभाव वेगळा, हे समर्थांनी त्या काळी नेमके हेरले होते.

हे समास वाचताना गंमत होते. प्रत्येक लक्षण वाचले की डोळ्यांपुढे कोणी ना कोणी उभा राहतो. हे तर आमच्या चुलत्याचे वर्णन, हे शेजारच्या मळेवाल्याचे! स्वतःची आठवण सहसा होत नाही. परंतु मूर्खलक्षणांचा समास संपवताना समर्थांनी सांगून ठेवले आहे की, ही लक्षणे त्याग करण्यासाठी सांगितली आहेत. त्याग कोणी करायचा? अर्थातच ज्याने ऐकले त्याने. शेजाऱ्याचे लक्षण आपण टाकू शकत नाही, आपलेच टाकू शकतो. स्वभावाच्या कोणत्याही अभ्यासाचा हा पहिला नियम समजावा : आरसा आधी आपल्याकडे धरायचा.

आजचे शास्त्र काय सांगते?

युरोपात कार्ल युंग नावाचे स्विस मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. १९२१ साली त्यांचा मानसिक प्रकारांवरचा ग्रंथ निघाला, आणि 'अंतर्मुख' व 'बहिर्मुख' हे दोन प्रकार जगभर रूढ झाले. चार माणसांत मिसळले की ज्याला हुशारी येते तो बहिर्मुख. चार माणसांत फार वेळ बसले की जो थकतो आणि एकटा रानात गेला की पुन्हा ताजा होतो, तो अंतर्मुख. युंग यांच्या विचाराचा आधार घेऊन अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात माणसांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. आज मोठमोठ्या कंपन्यांच्या प्रशिक्षणात ती वापरतात, आणि आपली कॉलेजातली मुलेसुद्धा मोबाइलवर तसल्या प्रश्नावल्या भरून "मी अमक्या प्रकारचा" असे घरी येऊन सांगतात.

या प्रकारांचा उपयोग काय? तर आपल्यासारखेच सगळे नसतात, एवढे तरी त्यातून ध्यानात येते. पण त्यात एक मोठी खोट आहे. समजा, साखर उताऱ्याची रेघ ११ वर ओढली आणि १०.९ उताऱ्याच्या उसाला 'कमी', तर ११.१ वाल्याला 'जास्त' म्हटले. प्रत्यक्षात दोघांत फरक तो किती? जवळजवळ नाहीच. माणसांचेही असेच आहे. पूर्ण बोलका किंवा पूर्ण अबोल असा माणूस विरळा, बहुतेक लोक मधल्या पट्ट्यात असतात. त्यामुळे आज प्रश्नावली भरणारा माणूस काही आठवड्यांनी पुन्हा भरतो तेव्हा बऱ्याच वेळा त्याचा प्रकारच बदललेला निघतो. ज्या वजनकाट्यावर तीच गाडी दोनदा चढवली तर दोन वजने येतात, त्या काट्यावर आपण भरवसा ठेवू का?

म्हणून आजचे बहुतेक मानसशास्त्रज्ञ माणसाला कप्प्यात टाकत नाहीत. ते पाच गुण धरतात आणि प्रत्येक गुण माणसात किती प्रमाणात आहे ते पाहतात. माती परीक्षणाच्या अहवालात जसे सामू, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश यांचे वेगवेगळे आकडे असतात, तसेच हे. ते पाच गुण आपल्या भाषेत असे सांगता येतील :

१) मोकळेपणा. बोलका, माणसांत रमणारा एका टोकाला, तर अबोल, आपल्यातच असणारा दुसऱ्या टोकाला. बोलक्याच्या मुळे चार माणसे जमतात. अबोल माणसाच्या मुळे चार गोष्टी नीट पाहिल्या जातात.

२) नेटकेपणा. ज्याची पावती जागेवर, पाण्याची पाळी वेळेवर आणि शब्द पाळलेला, तो एका टोकाला. "होईल की, काय घाई आहे" म्हणणारा दुसऱ्या टोकाला. नेटका माणूस कधी कधी फार ताठर होतो. सैल माणूस अडचणीच्या वेळी पटकन वळण घेतो, पण एरवी कामे त्याच्या हातून निसटतात.

३) नव्याची ओढ. गावात पहिले ठिबक बसवणारा, ऊसतोडणी यंत्र येणार म्हणून आधीच सरीचे अंतर वाढवून घेणारा एक. "आधी दुसऱ्याच्या रानात पाहू" म्हणणारा दुसरा. पहिला नसेल तर गाव पुढे सरकत नाही. दुसरा नसेल तर सगळे गाव एकाच वेळी खड्ड्यात पडू शकते.

४) मिळते घेणे. सर्वांशी जमवून घेणारा एका टोकाला, तर परखड बोलणारा, तंडणारा दुसऱ्या टोकाला. मिळते घेणाऱ्यामुळे भांडणे मिटतात. परंतु हिशेबात काळेबेरे असले तर ते उघड्यावर आणायला परखड माणूसच लागतो.

५) काळजीचे प्रमाण. पावसाचा ढग पाहून झोप उडणारा एक, आणि "जे व्हायचं ते होईल" म्हणून घोरणारा दुसरा. काळजी करणारा बंधारा फुटण्याआधी पाहायला जातो. मात्र काळजी फार वाढली तर ती त्यालाच खाते, आणि अशा वेळी त्याला घरच्यांचा आधार आणि डॉक्टरांचा सल्ला मिळाला पाहिजे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

या अभ्यासातून तीन गोष्टी बऱ्यापैकी पक्क्या झाल्या आहेत. पहिली अशी की, जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून माणसामाणसांच्या स्वभावांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण निम्मा जन्मजात असतो. उरलेला अर्धा संगत, अनुभव आणि परिस्थिती यांचा. शेतकऱ्याला हे सांगायला नको. बेणे आणि रान दोन्ही मिळून पीक येते. दुसरी गोष्ट, स्वभाव वयाप्रमाणे हळूहळू बदलतो. विशीतल्यापेक्षा चाळिशीतली माणसे सर्वसाधारणपणे अधिक नेटकी आणि अधिक मिळते घेणारी होतात. "स्वभावाला औषध नाही" ही म्हण म्हणूनच निम्मी खरी आहे. तिसरी गोष्ट, निरनिराळ्या कामांत कोणता गुण उपयोगी पडतो हे तपासले तेव्हा नेटकेपणा हा गुण जवळजवळ सर्व प्रकारच्या कामांत उपयोगी ठरला. बोलघेवडेपणाचे तसे नाही. तो काही ठरावीक कामांतच उपयोगी पडतो. आपण मात्र माणूस निवडताना बहुधा बोलण्यावरच जातो!

द्राक्षाचा माणूस, उसाचा माणूस

आपल्या जिल्ह्यात एक वेगळी सोय आहे. निफाड, दिंडोरीकडे एकाच बांधाच्या अलीकडे ऊस आणि पलीकडे द्राक्षबाग पाहायला मिळते. द्राक्ष हे रोज लक्ष मागणारे पीक. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी, मग फवारण्या, विरळणी, आणि ऐन वेळी अवकाळी पाऊस नाहीतर गारपीट आली की वर्षाचे कष्ट मातीत. भाव लागला तर सोने, नाही लागला तर कर्ज. ऊस तसा सोशिक. चार दिवस दुर्लक्ष झाले तरी तो रुसून बसत नाही. पैसा उशिरा येतो, पण माल कोणाच्या दारात न्यायचा ही चिंता कमी.

म्हणून गावात सहज बोलले जाते, "तो द्राक्षाचा माणूस आहे, हा उसाचा." यात तथ्य आहे. जोखीम पेलणारा, बारकावे पाहणारा माणूस बागेत फुलतो. शांतपणे, बेताने चालणाऱ्याला ऊस मानवतो. एकत्र कुटुंबात थोरला बाग पाहतो आणि धाकटा ऊस पाहतो, अशी वाटणी पुष्कळ घरी असते. ती स्वभाव पाहून झाली असेल तर घर सुखी. परंतु कित्येक ठिकाणी ती केवळ वयाच्या मानाने, नाहीतर हट्टाने झालेली असते. मग रात्र-रात्र जागून काळजी करणाऱ्या भावाच्या गळ्यात द्राक्षाची जोखीम पडते आणि ज्याला रोज काही नवे करून पाहायचे असते तो उसाच्या बांधावर बसून कंटाळतो. दोघांचेही नुकसान होते. आणि शेवटी भांडण निघते ते कशावरून? तर डिझेलच्या खर्चावरून!

पण येथेच थांबले पाहिजे. तोच माणूस दहा वर्षे बाग करतो, गारपिटीत बसतो, बाग तोडून ऊस लावतो आणि चांगला ऊस पिकवतो, हेही आपण पाहतोच. म्हणजे 'द्राक्षाचा माणूस' ही काही जात नव्हे. ती आजची कामाची आवड आहे, आणि तेवढीच ती समजावी.

प्रवरेचा धडा

निरनिराळ्या घडणीची माणसे एका जुवाखाली आली की काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण सहकारी साखर कारखानदारीच्या जन्मातच आहे. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्याच्या उभारणीत तीन नावे एकत्र घेतली जातात : पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील, प्रा. धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता.

विखे पाटील लोणीचे शेतकरी. शाळेचे शिक्षण थोडे, पण माणसांत उठबस मोठी. १९२३ साली त्यांनी लोणी बुद्रुकला सहकारी पतपेढी उभी केली होती. म्हणजे कारखाना निघायच्या पंचवीस वर्षे आधीपासून लोकांचा पैशाच्या व्यवहारात त्यांच्यावर विश्वास बसलेला. कारखान्याचे भाग गोळा करायला ते गावोगाव, वाड्या-वस्त्यांवर फिरले.

धनंजयराव गाडगीळ यांचा जन्म १९०१ साली आपल्या नाशिकचा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते १९३० पासूनचे पहिले संचालक. मोजल्याशिवाय बोलायचे नाही अशी त्यांच्या कामाची रीत. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे शेतकऱ्यांना नेमका काय लाभ झाला याची त्यांनी पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यातले गोदावरी कालवे आपल्या निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातूनच निघतात. नव्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष हेच गाडगीळ, आणि उपाध्यक्ष विखे पाटील.

तिसरे वैकुंठभाई मेहता. सहकारी बँकेत त्यांची उमर गेली. १९४६ ते १९५२ या काळात ते मुंबई राज्याचे अर्थमंत्री होते. सरकारी आणि बँकेच्या दारातली वाट त्यांना ठाऊक होती.

या तिघांच्या मनात आम्ही काही डोकावून पाहिलेले नाही. त्यांच्या कामावरून मात्र बोलता येते. एकाचे काम माणसांशी, दुसऱ्याचे आकड्यांशी, तिसऱ्याचे कायदा-कागदाशी आणि भांडवलाशी. तिघेही आकडेवाले असते तर एक उत्तम अहवाल तयार झाला असता. तिघेही गावोगाव फिरणारे असते तर भाग जमले असते, पण कर्जाचा कागद कोठेतरी अडला असता. तिघेही शासनात बसणारे असते तर शेतकरी म्हणाला असता, "हा सरकारचा कारखाना, आपला नव्हे." लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, शेतकऱ्यांच्या कारखान्याच्या अध्यक्षपदी शेतकऱ्यांनी एका प्राध्यापकाला बसवले आणि त्या प्राध्यापकानेही शेतकऱ्याच्या शब्दावर विश्वास टाकला. "हा आमच्यातला नाही, पुस्तकी आहे" असा शिक्का तेव्हा कोणी मारला असता तर? विखे पाटील स्वतः पुढे त्या कारखान्याचे अध्यक्ष झालेच, पण आरंभीच्या कठीण काळात ज्याचे काम त्याच्याकडे होते.

आपल्या संचालक मंडळाला, सोसायटीच्या पंचांना आणि पाणीवाटप संस्थेच्या कमिटीला हाच धडा लागू आहे. सगळे एका वळणाचे निवडून आले की बैठक लवकर संपते, पण चूकही कोणाच्या नजरेला येत नाही.

शिक्क्याचे नुकसान

स्वभाव ओळखणे वेगळे आणि शिक्का मारणे वेगळे. ओळख झाली की काम सोपे होते. शिक्का बसला की माणूस अडकतो. आपल्याकडे हे शिक्के कोठे कोठे बसतात ते पाहू.

*मुलांवर.* "हा मठ्ठ आहे" असे रोज ऐकणारे मूल दहा वर्षांनी तसेच वागू लागते. राज्यात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली गेली. अशा चाचणीचा कागद हाती आला तर त्याला हवामानाच्या अंदाजाइतकी किंमत द्यावी. अंदाज पाहून छत्री घ्यावी, पण पेरणीच बंद करू नये.

*घरातल्या बायांवर.* पुष्कळ भगिनी आपल्या कारखान्याच्या सभासद आहेत. सभेला मात्र घरचा पुरुष येतो. "त्या भिडस्त, त्यांना काय कळतंय" असे म्हणतात. त्याच भिडस्त बाई घरी दुधाचा, मजुरीचा आणि बचत गटाचा हिशेब पैशा-पैशाने ठेवतात. भीड हा स्वभाव असेलही, पण ती बसायला जागा न दिल्याचा परिणामही असू शकतो. पाणी न देता "वाण वांझ" म्हणण्यासारखेच हे झाले.

*भावकीवर आणि गावावर.* "अमक्या वस्तीचे सगळेच भांडकुदळ", "तोडणीला येणारे सगळेच असले". बीडकडून, चाळीसगाव-नांदगावकडून येणाऱ्या टोळ्यांत जितकी माणसे तितके स्वभाव. एका मुकादमाने उचल बुडवली म्हणून दुसऱ्या टोळीतल्या कष्टाळू जोडप्याला घागरभर पाणी नाकारणे हा स्वभावाचा अभ्यास नव्हे, अन्याय आहे. स्वभाव एकेका माणसाचा असतो. जातीचा, गावाचा किंवा जिल्ह्याचा स्वभाव असा नसतो.

*स्वतःवर.* हा शिक्का सर्वांत घातक. "मी असाच आहे, तापट. घ्यायचं तर घ्या!" असे म्हटले की सुधारणेचे दार आतून कडी लावून बंद होते. तापट असणे हा दोष नसेल, पण ताप कोणावर काढायचा आणि केव्हा गिळायचा हे ज्याच्या त्याच्या हातात आहे.

आपण काय करावे?

वाचून बाजूला ठेवण्यासाठी हा पाठ नाही. पुढील गोष्टी प्रत्येकाला करता येतील.

एक. माणूस कामात पाहावा. सैन्यात अधिकारी व्हायला जाणाऱ्या आपल्या मुलांची निवड मंडळापुढे पाच दिवस परीक्षा असते. तेथे लेखी चाचण्या आणि मुलाखत असतेच, पण फळ्या, दोर, पिंपे देऊन आठ-दहा जणांच्या गटाला अडथळा ओलांडायला लावतात आणि कोण पुढे होतो, कोण दुसऱ्याला हात देतो, अडचणीत कोणाचा तोल जातो हे बाजूला उभे राहून पाहतात. आपणही तेच करावे. कोणालाही मोठी जबाबदारी देण्यापूर्वी एक लहान काम सोपवून पाहावे.

दोन. स्वभावाप्रमाणे काम द्यावे. गटाच्या ठिबक योजनेत लोकांना भेटायला बोलका माणूस, कागदपत्राला नेटका, नवे तंत्र आधी लावून पाहायला हौशी आणि "खर्च किती?" हे विचारायला परखड माणूस. चौघे असले की गट टिकतो.

तीन. अबोलाला वाट करून द्यावी. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत सभासदांनी प्रश्न आगाऊ लेखी पाठवावेत अशी सूचना असते. पुष्कळ जण ती वाचतच नाहीत. ज्याला माइकपुढे उभे राहिले की घाम फुटतो, त्याच्यासाठी हीच सोय आहे. गटसभेत अध्यक्षांनीही एका टोकापासून सुरुवात करून प्रत्येकाला नाव घेऊन विचारावे. जो शेवटपर्यंत गप्प बसतो, त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नसते असे समजू नये. "मौनं सर्वार्थसाधनम्" म्हणून तो गप्प नसतो, त्याला कोणी विचारलेलेच नसते.

चार. जोडी जमवावी. नव्या खोंडाला शिकवताना आपण त्याला जाणत्या बैलाशेजारी जुंपतो. दोन्ही खोंडे जुंपली तर औत बांधावर जाते. घरात तरुण मुलगा नवे करू पाहत असेल तर त्याला एक एकर मोकळे द्यावे आणि हिशेब ठेवायला सावध माणूस शेजारी द्यावा. सगळे रान एकदम त्याच्या हाती देऊ नये, आणि सगळे अडवूनही धरू नये.

पाच. आपला एक दोष निवडावा. पाचही गुणांची कागदावर उतरती-चढती मांडावी आणि आपण कोठे आहोत ते खूण करावी. मग तोच कागद घरातल्या एखाद्या खरे बोलणाऱ्या माणसाला भरायला सांगावा. दोन खुणा जेथे फार लांब पडतील, तेथे आपली स्वतःविषयीची समजूत तपासायला हवी. मग सबंध स्वभाव बदलायच्या भानगडीत न पडता एकच सवय धरावी. उदाहरणार्थ, सैल माणसाने कारखान्याच्या वजनपावत्या एका फायलीत तारखेप्रमाणे लावण्याची. तापट माणसाने बैठकीत दुसऱ्याचे वाक्य पूर्ण होऊ देण्याची. मिळते घेणाऱ्याने महिन्यातून एकदा तरी, न पटणाऱ्या गोष्टीला "नाही" म्हणण्याची. एका हंगामापुरती ती पाळून पाहावी.

गटसभेत चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या गटात असा कोण सभासद आहे, की ज्याचे मत गेल्या तीन सभांत कोणी विचारलेले नाही?

२) आपल्या कमिटीत परखड प्रश्न विचारणारा माणूस आहे का? असल्यास त्याला आपण ऐकतो की टाळतो?

३) आपल्या घरातली कामाची वाटणी वयावरून झाली आहे, हट्टावरून झाली आहे की आवड आणि कुवत पाहून? ती बदलायची तर या दिवाळीपूर्वी कोणता एक बदल करता येईल?

४) आपण एखाद्यावर मारलेला कोणता शिक्का पुन्हा तपासून पाहण्याजोगा आहे?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर सभेत सांगितलेच पाहिजे असे नाही. ज्याच्यावर तो शिक्का मारला त्याच्याकडे जाऊन एखादे काम सोपवले, तरी या पाठाचा उद्देश सफल झाला असे आम्ही समजू.